फरशीवरचा आठवा महिना

माझा नवरा फरशी बसवतो आणि मी सांधे भरते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षापासून आमचं हेच चाललंय. तो गुडघ्यांवर बसून टाइल ठोकत पुढे सरकतो, दुसऱ्या दिवशी मी त्याच खोलीत पांढरं सिमेंट कालवून बसते आणि पातीने एकेक सांधा बुजवत, ओल्या फडक्याने पुसत दारापर्यंत येते. माझं शिक्षण बारावीपर्यंत. माहेर ब्राह्मणपुरीचं, सासर कळसाडीचं. सासरी शेत नाही. सासू लोकांच्या कापसात आणि उसात जायची, आम्ही दोघं मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून शहादा-तळोदा भागात, काम नसलं की सुरतेकडे.

बांधकाम कामगारांच्या मंडळात आम्ही स्वतःहून नाव नोंदवलं होतं. नोकरदारांचं पगारातून कापून जातं, आमचं कोण कापणार? वर्गणी आपली आपण भरायची आणि दरवर्षी कार्ड पुन्हा चालू करून घ्यायचं. त्यासाठी मागच्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा ठेकेदाराचा दाखला लागतो. कार्ड चालू असेल तर बाळंतपणाला पैसे मिळतात. साधं झालं तर पंधरा हजार, ऑपरेशन झालं तर वीस.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी हे सगळं नीट वाचून काढलं. पहिल्या वेळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मोठी पोरगी दीड महिन्याची असताना मी सुरतेला एका इमारतीत पुन्हा कामावर बसले होते. तिला जिन्याखाली साडीच्या झोळीत ठेवायची. ती रडली की हात धुवायचे, पण सिमेंट नखांतून निघायचं नाही, तशीच तिला घ्यायची. तिसऱ्या महिन्यात माझं दूध आटलं. बाकीचं सगळं मी विसरले असते, ते विसरले नाही. म्हणून पंधरा हजारांचा मी केलेला हिशोब पैशांचा नव्हताच. एवढ्या पैशांत आपल्याला किती महिने घरात बसता येईल, एवढंच मी बघत होते. काटकसरीने चार, ओढून ताणून पाच.

अडचण तारखेची होती. डॉक्टरांनी दिलेली तारीख कार्ड संपल्यानंतर तीन आठवड्यांनी येत होती. त्याच्या आत कार्ड पुन्हा चालू केलं नाही तर बाळंतपणाच्या दिवशी मी कोणाचीच सभासद नसणार होते. आणि चालू करायला नव्वद दिवस हवे होते. त्या वर्षी आम्ही निम्मा काळ सुरतेला होतो. तिथले दिवस इथे धरत नाहीत, आणि तिथला ठेकेदार तर फोनही उचलत नव्हता. संध्याकाळी ओट्यावर बसून मी आणि सासू एकेक घर आठवत बसलो. कोणाची मोरी, कोणाचं देवघर, कोणाचा पोर्च. सासूला लिहिता येत नाही, पण आम्ही कोणत्या दिवशी डबा नेला आणि कोणत्या दिवशी घरी जेवलो हे तिला पाठ होतं. सगळं जोडून वीस-बावीस दिवस कमी पडत होते.

तेव्हा तळोदा रस्त्यावर एक मंगल कार्यालय बांधलं जात होतं. काम आमच्या नेहमीच्या ठेकेदाराकडेच होतं. तो शहाद्याचा. माणूस वाईट नव्हता, पण सगळं हातात धरून ठेवायची त्याला सवय. लग्नसराईच्या आत हॉल द्यायचा होता आणि फरशीवाले मिळत नव्हते. मी दाखल्याचं विचारलं तर हसला.

"सही कोठे पळी जास, वहिनी? हॉल आटपा, त्याच दिवशी करी देस."

"पण शेठ, आधीचे दिवस तर झालेत. तेवढ्याचं तरी लिहून द्या."

"अर्ध्याचं लिहून काय करशील? एकदाच पूर्ण देतो."

कधी कधी ग्रामसेवकांचाही दाखला चालतो असं ऐकून आम्ही गावात त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, ठेकेदार असताना दाखला त्यानेच द्यायला हवा. त्यांचंही चूक नव्हतं.

नवऱ्याला हे मुळीच पसंत नव्हतं. तो म्हणाला, "राहू दे ते पैसे. तू घरी बस. मी एकटा करी लेस."

"तुम्ही एकटे केलं तर दिवस तुमचे भरतील," मी म्हणाले. "माझे नाही."

शेवटी तो म्हणाला की वजन उचलायचं नाही, पाणी तोच भरून देईल, आणि दुपारी मी आडवं व्हायचं. मी हो म्हटलं. सातवा संपून आठवा लागला होता.

हॉल मोठा होता. एका भिंतीपाशी बसलं की दुसऱ्या भिंतीचा माणूस लहान दिसायचा. पोट पुढे आल्याने मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी एका कुशीवर रेलून, पाय लांब करून सांधे भरायची. पाठीपेक्षा पायांचा त्रास जास्त होता. संध्याकाळी चप्पल चढायची नाही. सासू रात्री तेल लावताना बोटाने दाबायची आणि खड्डा तसाच राहायचा. एक दिवस म्हणाली, "बाई, हाई सूज बरी नही. दवाखानाम्हा दाखाड."

त्या आठवड्यात उपकेंद्रात तपासणी होती. मी गेले नाही. गेले असते तर कामाचा एक दिवस बुडाला असता. आशाताई घरी येऊन सासूला सांगून गेल्या की सुनेला पाठवा. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. शेजारपाजारच्या बायकाही त्या दिवसांत आमच्या ओट्यावर यायच्या आणि त्यांचे वेगळेच हिशोब चालायचे. एक म्हणाली, ऑपरेशन झालं तर तुला जास्त मिळेल. दुसरी म्हणाली, आणि पुन्हा पोरगी झाली तर सरकारची दुसरी एक योजना आहे, तीही मिळेल. त्या चेष्टा करत नव्हत्या, खरंच माहिती सांगत होत्या. पण मला ते ऐकवेना. मी पोटावर पदर ओढून आत निघून गेले. मग वाटलं, मी तरी दुसरं काय करतेय?

डोकं दुखायला लागलं त्याला दोन-तीन दिवस झाले होते. उन्हाने असेल म्हणून मी ओलं फडकं बांधून बसायची. त्या दिवशी सकाळपासूनच कपाळ ठणकत होतं. हॉलच्या मधल्या भागात काम चाललं होतं. मी पाती हातात घेतली आणि बघते तर नवऱ्याने आदल्या दिवशी बसवलेली ओळ वाकडी गेलेली. पुढची पण वाकडी. एका सांध्याच्या जागी दोन सांधे दिसत होते.

मी हाक मारली. "अहो, ओळ चुकली. इथून पुढे सगळी गेली."

तो आला. त्याने दोरी लावली, एका टोकाला खिळा धरला, दुसऱ्या टोकाला जाऊन ताणली. मग वाकून बघितलं.

"सरळ शे."

"सरळ कुठे? दोन-दोन सांधे दिसताहेत."

त्याने पुन्हा दोरी बघितली. मग दोरी सोडून माझ्याकडे बघितलं. "तुले दोन दिखी ऱ्हायनात?"

मी मान हलवली, तेव्हा तोही मला दोन दिसला. त्याने दोरी तिथेच टाकली. हात न धुताच मला धरून उठवलं. मी म्हणाले, अजून दुपार व्हायची आहे, आजचा दिवस भरू द्या. त्याने गाडी काढली. मला पुढे बसवून त्याने मोटरसायकल कशी चालवली मला आठवत नाही. त्याचे सिमेंटचे हात माझ्या दोन्ही बाजूंना होते एवढं आठवतं.

तळोद्याच्या दवाखान्यात नर्सने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, काटा बघितला आणि पुन्हा भरली. मग दुसऱ्या नर्सला बोलावलं. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेतलं, पण मला ऐकू येत होतं.

"रक्तदाब फार वाढलाय. झटके येऊ शकतात. इथे ठेवून चालणार नाही, नंदुरबारला न्यावं लागेल."

"बाळ?"

"आधी आईचं बघू."

अँब्युलन्समध्ये झोपून मी छताकडे बघत होते. इंजेक्शनने सगळं अंग आतून तापल्यासारखं झालं होतं. नवरा पायांशी बसला होता. खड्डा आला की माझे पाय धरायचा. सबंध रस्त्यात तो एकच वाक्य बोलला. "तो दाखला गया खड्डाम्हा." मला तेव्हाही किती दिवस भरले आणि किती राहिले तेच आठवत होतं. आज मला ते सांगताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं. भीती वाटली की डोकं आकड्यांकडे जायचं, कारण आकड्यांचं काहीतरी करता येत होतं.

नंदुरबारला त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. रडली, पण बारीक. मला लांबूनच दाखवली आणि काचेच्या पेटीत ठेवायला घेऊन गेले. माझा रक्तदाब उतरत नव्हता म्हणून मला तिच्याकडे जाता येत नव्हतं. नवरा दोन मजल्यांमध्ये ये-जा करायचा. येऊन सांगायचा, "श्वास चांगला घी ऱ्हायनी." मी विचारायची, रंग कसा आहे? तो म्हणायचा, लाल. पुढच्या वेळी मी तेच विचारायची.

शेजारच्या खाटेवरच्या बाईने माझं कार्डाचं बोलणं ऐकलं होतं. ती समजूत घालायला म्हणाली, "ऑपरेशन झालं ना ताई, मग तुम्हाला वीस मिळतील." मी तिच्याकडे पाठ करायला गेले, पण टाक्यांमुळे कुशीवर होता येईना.

तिसऱ्या दिवशी सासू दवाखान्यात आली. तिने नातीला काचेतून बघितलं, माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारलं, "तुन्हं कार्ड कवय सरस?"

मी सांगितलं, चार दिवसांत संपतं. नवरा चिडला. म्हणाला, आता तो विषयच काढायचा नाही. सासूने मला डब्यातली खिचडी भरवली, तोंड पुसलं, पदरात आधार कार्डाची पिशवी बांधली आणि मोठ्या पोरीला कडेवर घेऊन बस पकडायला निघून गेली. कुठे चालली हे तिने सांगितलं नाही.

ठेकेदाराच्या घरी काय झालं ते मला नंतर तिच्याकडून कळलं. त्याने तिला बसायला सांगितलं, चहा दिला, माझी चौकशी केली. पण दाखल्याचं काढल्यावर म्हणाला, "आजी, हॉल अर्धा पडलाय. आणि दिवस भरलेच नाहीत, तर मी नव्वद कसे लिहू? उद्या चौकशी झाली तर मी अडकेन."

सासूने त्याच्याशी वाद घातला नाही. तिला खोटं लिहून नकोच होतं. ती खाली फरशीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर पोरगी. कमी पडतात ते दिवस कुठून आणायचे याचाच विचार करत ती फरशीकडे बघत होती, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "शेठ, हाई फरशी कोन्ही बसाडी?"

ठेकेदाराचं स्वतःचं घर त्याच वर्षी नवीन झालं होतं. खालच्या तिन्ही खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची मोरी आम्हीच केली होती. ओट्यावर बसून दिवस मोजताना आम्ही ते धरलंच नव्हतं. ते काम आमच्या डोक्यात ठेकेदाराचं नव्हतं, शेठच्या घरचं होतं. उन्हाळ्यात मला तिसरा महिना चालू असताना मी त्या घरात रोज सांधे भरले होते.

"ते घरचं काम होतं," ठेकेदार म्हणाला.

तेव्हा आतून त्याची बायको बाहेर आली. सासू म्हणते, ती दारातच उभी राहून सगळं ऐकत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "घर काय बांधकाम नसतं का? पोरीला उलट्या व्हायच्या, मी तिला लिंबू कापून द्यायची. रोज यायची ती. वरची मोरी झाली त्या दिवशी आपण पूजेचा ब्राह्मण ठरवला, तेव्हापासून मागे मोजा."

दोघं नवरा-बायको मागे मोजत बसले. ते दिवस धरले तर नव्वद पूर्ण होऊन वर उरत होते. ठेकेदाराने शिक्का आणला, सही केली. सासूने कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "हॉलनं काम मन्हा पोऱ्या करी दी. सून नही करनार." तो म्हणाला, "नको, नको, तिला नका आणू."

तिथून ती शहाद्यातल्या अर्ज भरणाऱ्या दुकानात गेली. तिथे नवीनच अडचण. अर्ज पुढे जायला माझ्या मोबाइलवर ओटीपीचा आकडा येणार होता आणि मोबाइल नवऱ्याकडे नंदुरबारला. दुकानदाराने फोन लावला तेव्हा नवरा काचेच्या खोलीबाहेर उभा होता. आत नर्स बाळाची नळी बदलत होती आणि बाळ निळसर दिसत होतं, असं त्याला वाटलं. दुकानदार म्हणतोय, आकडा सांगा. हा म्हणतोय, थांबा. तेवढ्यात आकड्याची मुदत संपली. पुन्हा पाठवला. पुन्हा संपला. तिसऱ्या वेळी सासूने दुकानदाराच्या हातून फोन घेतला.

"काय व्हयनं? पोर कशी शे?"

"नळी बदली ऱ्हायनात. माले काही दिसत नही, माय."

"मंग तू तिले बघ. मी आठेच बठसू. ती बरी व्हयनी का सांग."

ती दुकानात बसून राहिली. दुकान बंद करायची वेळ झाली तरी दुकानदार बंद करेना. शेवटी नवऱ्याचाच फोन आला. बाळाचा रंग परत आला होता. मग त्याने आकडा वाचून दाखवला. वाचताना तो रडत होता, दुकानदाराला दोनदा विचारावं लागलं.

मला त्यातलं त्या वेळी काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. नर्सने बाळ काचेतून काढून माझ्या छातीवर उघडंच ठेवलं आणि वरून चादर बांधली. म्हणाली, असंच धरून बसा, बोलू नका, हलू नका. बाळ पक्ष्यासारखं हलकं होतं. पण गरम होतं. मी हातांकडे बघितलं. नखांतलं सिमेंट दवाखान्यातल्या पाण्याने निघून गेलं होतं.

दहा-बारा दिवसांनी आम्ही घरी आलो. जन्माचा दाखला, दवाखान्याचं प्रमाणपत्र, पासबुक, सगळं जमवून अर्ज करायला आणखी काही आठवडे गेले. कागद तपासायला मला नंदुरबारला बोलावलं होतं. खिडकीमागच्या कारकून बाईंनी कार्डावरची तारीख बघितली, बाळाच्या जन्माची तारीख बघितली आणि सहज म्हणाल्या, "तुमची मुलगी जुनं कार्ड चालू असतानाच झालीय. प्रसूतीच्या दिवसासाठी नूतनीकरणाची गरजच नव्हती."

"मग ते वाया गेलं?" मी विचारलं.

"वाया कसं? अर्ज करतानाही कार्ड चालू लागतं. ते आहे तुमचं. होऊन जाईल."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. नवरा पाणी आणायला गेला होता. मी कार्ड संपण्याची तारीख धरून कामावर बसले, त्यामुळे बाळ लवकर आलं, आणि लवकर आलं म्हणून ते कार्डाच्या आतच झालं. घरी बसले असते तर कदाचित वेळेवर झालं असतं, कार्ड संपल्यावर. किंवा सूज तेव्हाही आली असती, कोणी सांगावं. डॉक्टरांना मी नंतर विचारलं होतं. ते म्हणाले, हा आजार कामामुळेच होतो असं नाही, पण तपासणी चुकवायला नको होती. मी सगळं उलटसुलट मांडून बघितलं. काही हाती लागेना. मांडीवर पोरगी झोपली होती. तिच्या डोक्याला घाम आला होता, तो मी पुसला.

पैसे थंडी संपता संपता खात्यात आले. ऑपरेशनचे होते तेवढे पूर्ण. नवऱ्याने मला पासबुक दाखवलं आणि ते पैसे तुझे, तूच ठरव म्हणाला. मी ठरवायचं ते आधीच ठरवलं होतं. तो दुसऱ्या एका मुलीला सांधे भरायला घेऊन कामावर जाऊ लागला. ती सांधे जाड भरते, अशी तक्रार रोज संध्याकाळी करायचा. मी ऐकून घ्यायची.

एक दिवस ठेकेदाराचा फोन आला. शहाद्यात मोठं काम निघालं होतं, दोघांनी यावं असं त्याचं म्हणणं होतं. सासू चुलीपाशी होती. तिने मान वर केली. लहानी नुकतीच पालथी पडायला लागली होती आणि पालथी पडली की परत सरळ होता येत नाही म्हणून ओरडायची.

"शेठ, आखाजीनंतर बघू," मी म्हणाले. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया.

"आखाजी तर दूर शे अजून."

"हो," मी म्हणाले, "दूर आहे." आणि फोन ठेवून पोरीला सरळ करायला गेले.